दुखणं उलटलं तर

देव आहे की नाही, हा वाद आमच्या घरात लग्नाच्या पहिल्या वर्षापासून होता आणि खरं सांगायचं तर त्यात आम्हा दोघांनाही मजा यायची. बायको चाकणच्या पलीकडच्या एका गावातली, शेतकरी घरातली. सकाळी देवपूजा झाल्याशिवाय ती तोंडात चहाचा घोटही घेत नसे. मी चाकणच्याच एका कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं, तपासणी विभागात. वीस-बावीस वर्षं माझं काम एकच. समोर आलेला भाग मोजायचा आणि बरोबर की चूक ते सांगायचं. 'बहुतेक बरोबर असेल' असं म्हणायची आमच्याकडे सोय नाही. त्या सवयीमुळे असेल किंवा मुळात स्वभावच तसा असेल, मी देव मानत नव्हतो. आणि मानत नाही हे सांगायची एकही संधी सोडत नव्हतो.

पिंपळे गुरवला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला लाकडी देवघर. त्यात आमच्या घराण्याचे चांदीचे टाक, तिच्या माहेरून आलेला बाळकृष्ण, एक शंख आणि कुठून कुठून गोळा झालेल्या तसबिरी. बायको देवाकडे फारसं काही मागायची नाही. ती देवाशी बोलायची. पोळ्या लाटता लाटता शेजारणीशी बोलावं तसं. आज पाणी उशिरा आलं, ह्यांना कंपनीत साहेब बोलला, कांदे निम्मे सडके निघाले. कधी रागवायचीसुद्धा. माझ्या धाकट्या मेव्हण्याचं लग्न मोडलं तेव्हा तिनं दोन दिवस देवांना फूल वाहिलं नव्हतं. मी त्यावरून हसलो तर म्हणाली, "जवळच्या मानसावरच रुसत्यात."

आम्हाला एकच मुलगी. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. बोलायला लागल्यापासून आमच्या वादात पंच व्हायची तिला हौस. पाचवी-सहावीत असताना एकदा जेवताना तिनं आम्हा दोघांनाही एकेक पुरावा द्यायला सांगितला. एकच, पण पक्का. बायकोनं वाढता वाढता तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "तू." मी म्हटलं, सात वर्षं पुण्याच्या डॉक्टरांकडे खेटे घातले, गोळ्या खाल्ल्या, त्यांचं काय? पोरीनं जरा विचार केला आणि निकाल दिला की दोघांनाही एकेक गुण, सामना बरोबरीत. मग भाताचा दुसरा घास घेतला.

बारावीच्या वर्षात ती जिने चढताना दमायला लागली. आम्हाला वाटलं, अभ्यास, जागरणं, खाण्याकडे लक्ष नाही. मग हिरड्यांतून रक्त आलं आणि ताप उतरेना. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं आणि एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं तेव्हाच बायकोनं माझा हात धरला. रक्ताचा कॅन्सर होता.

पुढचे सात-आठ महिने कसे गेले ते मी सलग सांगू शकत नाही. काही तुकडे आठवतात. सलाइनच्या नळीतून उतरणारं लालभडक औषध. उशीवर राहिलेले केस, जे बायको गुपचूप गोळा करून पदराच्या टोकात बांधायची. कंपनीतली पोरं रक्तपेशी द्यायला यायची, ती चाकणहून थेट डबा घेऊन, गणवेशातच. त्यांत माझा एक मित्र होता. आमच्याच विभागातला, चाकणच्या जुन्या मुसलमान घरातला. आम्ही कंपनीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसायचो. तोही माझ्याशी देवावरून वाद घालायचा, पण हसत. त्यानं चार वेळा रक्तपेशी दिल्या आणि प्रत्येक वेळी पोरीसाठी चाकणच्या बाजारातून पेरू आणले. तिला कच्चं काही खायची परवानगी नव्हती. ती पेरू नाकाशी धरून वास घ्यायची आणि मला खायला द्यायची.

बायकोनं नवस बोलला होता. पोरगी बरी झाली तर चाकणच्या चौकापासून माहेरच्या गावातल्या भैरवनाथापर्यंत अनवाणी चालत जाईन. त्या दिवसांत मी वाद घालणं बंदच केलं होतं.

आणि पोरगी बरी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात आता काही दिसत नाही, पण 'बरी झाली' हा शब्द पाच वर्षांनी वापरू. आम्ही तो त्याच दिवशी वापरला. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. परीक्षा देऊन तिनं संख्याशास्त्राला प्रवेशही घेतला.

नवस फेडायला आम्ही पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी निघालो. बायको रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालत होती आणि मी स्कूटर पायानं ढकलावी इतक्या हळू तिच्यामागून चालवत होतो. पोरगी माझ्या मागे बसलेली. शेजारून कंटेनर जात होते, नव्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर जात होते, त्यांच्या वाऱ्यानं बायकोचा पदर उडत होता. डांबर तापायला लागलं तसं पोरगी दर थोड्या वेळानं उतरायची, बाटलीतलं पाणी आईच्या पावलांवर ओतायची आणि परत मागे येऊन बसायची. मला म्हणाली, "पप्पा, हे फालतू आहे असं आज म्हणू नका हं." मी म्हटलं, नाही म्हणत.

देवळात माझ्या सासुरवाडीची सगळी माणसं जमली होती. जो तो पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत होता, देवानं दिली परत. मी हसत उभा होतो. दिवसभर हसत होतो. पण आत काहीतरी साठत चाललं होतं. ज्या डॉक्टरबाईंनी दिवाळीच्या दिवशीसुद्धा तिची नाडी बघितली त्यांचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं. रक्त दिलेल्या पोरांचं नव्हतं. माझंही नव्हतं, हेही असेल. आज मला वाटतं, बहुतेक तेच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. दुपारी बायको कणीक मळत होती आणि देवाशी बोलत होती. तळपायाला फोड आलेत पण लेकीसाठी एवढं काय, असलं काहीतरी. मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, डॉक्टरांचे आभार कधी मानणार? ती म्हणाली, डॉक्टरच्या हातून देवानंच केलं ना. मग माझा तोल गेला. आवाज चढला नव्हता माझा, चढला असता तर बरं झालं असतं. मी शांतपणे, एखाद्या नव्या मुलाला काम समजावून सांगावं तसं तिला सांगितलं की तुझं म्हणणं कधी चुकूच शकत नाही, आणि तीच त्यातली खोट आहे. पोरगी जगली तर देवाची कृपा, नसती जगली तर देवाची इच्छा. आमच्या कंपनीत असं एखादं मापक निघालं, जे चांगल्यालाही पास करतं आणि वाईटालाही, तर आम्ही ते भंगारात टाकतो. काय झालं तर तू म्हणशील की देव नाही, तेवढं सांग. काहीच नसेल तर तुझ्या बोलण्याला अर्थ नाही.

ती कणीक मळत राहिली. मी तिथंच थांबायला हवं होतं.

मी म्हटलं, "दुखणं उलटलं तर म्हणशील? नाही म्हणून?"

तिचे हात कणकेत थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "म्हनीन."

आतल्या खोलीतून पोरगी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "मी काय सॅम्पल पीस आहे का तुमचा?" आणि हसली. आम्हीही हसलो. मी तिच्या कुरळ्या केसांतून हात फिरवला. पण त्या दिवसापासून बायको देवाशी बोलताना आवाज खाली ठेवायला लागली.

पाच महिन्यांनी पोरीच्या दंडावर निळा डाग दिसला. बसमध्ये कुणाचा तरी धक्का लागला असेल, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मांडीवर दिसला. मला कळलं होतं. आयुष्यभर मी डोळ्यांनीच दोष ओळखत आलोय. तरी मी दोन दिवस काही बोललो नाही, जणू मी बोललो नाही तर ते नसेल. डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला आणि या वेळी त्यांनी बसायला सांगितलं नाही, स्वतःच उठून आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या फेरीत शरीर औषधाला साथ देईना. ती फार बारीक झाली. तिला बोलायला आवडायचं, पण तोंडात फोड आल्यानं बोलवत नसे, मग ती मोबाइलवर लिहून दाखवायची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी बायको खाली औषधं आणायला गेली होती. खिडकीतून पलीकडच्या उंच इमारतींच्या बाल्कन्या दिसत होत्या, वाळत घातलेले कपडे दिसत होते. पोरीनं मला जवळ बोलावलं. त्या दिवशी तिचा आवाज जरा ठीक होता.

"पप्पा, खरं सांगा. काहीच नाही का?"

तिला काय विचारायचं होतं ते मला लगेच कळलं. पंचवीस वर्षं जे उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं ते तोंडातून निघेना. आणि दुसरं उत्तरही येईना. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा."

"तुम्ही तर नेहमी म्हणायचात, नाही म्हणून."

"म्हणायचो."

तिनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "आईला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. म्हणून तुम्हाला विचारलं." आणि मग, "आईला सांगू नका मी विचारलं ते."

मी पुष्कळदा विचार केलाय की तिला माझ्याकडून काय ऐकायचं होतं. तिला खरं हवं होतं म्हणून तिनं मला विचारलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण कधी कधी वाटतं, ज्याचं 'हो' सगळ्यात अवघड, त्याच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं. ते मिळालं असतं तर तिनं ते धरून ठेवलं असतं. मला खोटं बोलता आलं नाही. त्या एका क्षणी मी प्रामाणिक राहिलो, आणि त्या प्रामाणिकपणाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. बायको तिच्या पायाशी बसली होती, मी उशाशी. तिला त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले.

तेरावा झाला, पाहुणे गेले. त्यानंतरच्या सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेलो तर देवघर रिकामं होतं. बायकोनं टाक, बाळकृष्ण, शंख, सगळं एका पांढऱ्या धुतलेल्या कापडात बांधलं होतं. तसबिरी वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. ती मला म्हणाली की हे गावाला थोरल्या दिरांकडे पोचवा, त्यांच्याकडे पूजा होईल. मी विचारलं, का? तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दिलेला शब्द पाळताना माणूस जसा बघतो तसं.

"तुमीच म्हनला व्हता," ती म्हणाली. "मी व्हय म्हनले व्हते."

मी ते गाठोडं गावाला नेलं नाही. कपाटात, पोरीच्या स्वेटरच्या मागे ठेवलं आणि पोचवलं असं खोटं सांगितलं. हे खोटं मला सहज बोलता आलं.

त्या काळात घरातली शांतता मला सोसत नव्हती. पूर्वी तिचं देवाशी चाललेलं बोलणं घरात पंख्याच्या आवाजासारखं सतत असायचं आणि मला वैताग यायचा. आता ती पोळ्या लाटायची आणि फक्त लाटण्याचा आवाज यायचा. ती रडायची नाही. कुणावर चिडायची नाही. पूर्वी काही वाईट झालं की तिला भांडायला एक जागा होती. ती जागा मी काढून घेतली होती, आणि माझ्याशी भांडायला ती येत नव्हती. मला एकटं राहायची सवय होती. माझं आभाळ आधीपासूनच रिकामं होतं. तिला चाळिशी ओलांडल्यावर ते एकाएकी रिकामं मिळालं.

मग मी एक वेडेपणा केला. एका सकाळी कंपनीला निघण्याआधी मी गाठोड्यातून बाळकृष्ण काढला, देवघरात ठेवला आणि दिवा लावला. वात कशी वळतात ते मला माहीत नव्हतं, कापूस पिळून घातला. तो फुरफुरत जळत होता. बायको आंघोळ करून आली आणि ओल्या केसांनी तिथंच उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं की गाठोडं पोचवलं नव्हतं का. मी नाही म्हटलं.

"तुमचा विश्वास न्हाई. माजा उरला न्हाई. मग ह्यो दिवा कुनासाठी?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिनं पदराच्या वाऱ्यानं दिवा शांत केला. बाळकृष्ण उचलला, पुसला, परत कापडात बांधला. एवढं सगळं करताना तिचे हात फार हळुवार होते. ते बघून मला आशा वाटली. ती आशा खोटी होती. ती सगळ्याच वस्तू तशा हाताळते.

दिव्यानं काम होत नाही म्हटल्यावर मी वाद घालायला लागलो. पण या वेळी उलट्या बाजूनं. बसमधल्या मित्राला मी सरळ विचारलं की देव आहे याचे तुझ्याकडे जे काही पुरावे असतील ते मला दे, घरी लागणार आहेत. बस मोशीच्या पुढे वाहतुकीत अडकली होती. तो हसला नाही. म्हणाला, पुरावा त्याच्याकडे कधीच नव्हता, माझ्याशी वाद घालताना तो नुसता गप्पा मारत होता. मग त्यानं मला विचारलं की तुमच्या टेबलावरचं मापक बरोबर आहे हे कशावरून? मी म्हटलं, ते प्रयोगशाळेत दुसऱ्या मापकावर तपासून येतं. आणि ते दुसरं? तिसऱ्यावर. आणि ते? मी म्हटलं, शेवटी कुठंतरी एक मूळ माप मानावंच लागतं. तो म्हणाला, "बस. आमचं तिथंच आहे, भाऊ. पण हे वहिनींना सांगून काय उपयोग? त्यांना माप नको आहे."

बस थोडी पुढे सरकली. मग खिडकीबाहेर बघत त्यानं सांगितलं की आठ महिने रोज त्यानं पोरीसाठी दुआ मागितली होती. ती गेल्यावर दोन आठवडे तो मशिदीत गेला नाही आणि आमच्या बसलाही आला नाही. देवावर रागावला म्हणून नव्हे. दुआ लागली नाही, आता मला तोंड कसं दाखवायचं, ह्याची त्याला लाज वाटत होती म्हणून. मला त्या दोन आठवड्यांत तो दुसऱ्या बसनं का येतो ते कळलं नव्हतं.

मी तरी घरी जाऊन बायकोला सांगितलं. मांडून सांगितलं, जसं मला येतं तसं. मी घातलेली अट चुकीची होती. दुखणं बरं झालं यानं देव सिद्ध झाला नव्हता, तसा ते उलटलं यानं खोटाही ठरला नाही. अशा गोष्टी एका पोरीच्या रक्तावरून ठरत नाहीत. माझ्या सगळ्या आयुष्याचा हिशेब सांगतो की मला दोन्ही बाजूंनी काही सिद्ध करता येत नाही, मी उगाच जिंकल्यासारखा वागत होतो. तू माझ्या बोलण्यावरून सोडू नकोस.

ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या बोलन्यावरून न्हाई सोडलं," ती म्हणाली. "आधी बोलाय लागलं की कुनी ऐकतंय असं वाटायचं. आता बोलाय गेलं की भिंत लागती. तुमी शंभर कारनं सांगितली तरी भिंतीला कान फुटनार हायेत का?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती देव 'मानत' नव्हतीच कधी. मानणं, न मानणं हे माझे शब्द होते. मी पंचवीस वर्षं एका गोष्टीचा पुरावा मागत होतो आणि ती एका माणसासारख्या कुणाबरोबर राहत होती. मी अट घातली तेव्हा तिच्या लेखी ती परीक्षा नव्हती. पोरगी परत देणारा तो आपला शब्द मोडील का, असा तो प्रश्न होता. आणि शब्द मोडला गेला.

पोरीनं हॉस्पिटलात मला जे विचारलं होतं ते मी वर्षश्राद्धानंतर बायकोला सांगितलं. सांगू नका म्हणाली होती, तरी सांगितलं. एकट्यानं वाहवत नव्हतं. बायको म्हणाली, "मला इचारलं असतं तर मी व्हय म्हनले असते. आन् तवा ते खरं व्हतं." आणि आत जाऊन झोपली. भर दुपारी ती कधी झोपत नाही.

यंदाच्या थंडीत आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. मराठवाड्यातलं. नवरा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये, त्याची बायको घरी, चार वर्षांची मुलगी. मुलीला न्युमोनिया झाला आणि हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ठेवलं. एका सकाळी मी कंपनीला निघालो होतो, दार उघडं होतं आणि कपडे न्यायला घरी आलेली ती शेजारीण जिन्यातच माझ्या बायकोपुढं उभी होती. तिच्या हातात देवाचा अंगारा असलेली पुडी होती. हॉस्पिटलवाले आत नेऊ देत नाहीत म्हणाली. मग तिनं विचारलं, "काकू, देव ऐकतो ना हो?"

मी दारात थांबलो. बायको आता काय बोलेल, या भीतीनं मला मध्ये पडावंसं वाटलं.

"ऐकतो," बायको म्हणाली. "ऐकतो की. तू अंगारा तुज्या कपाळाला लाव आन् तिचा हात धर, तेवढं पुरं हाय. जा, तिच्यापाशी बस."

तिनं स्वतः पुडी उघडली आणि त्या शेजारणीच्या कपाळाला अंगारा लावला. ती खाली गेल्यावर बायको दार लावून आत आली. मी बूट घालून तसाच उभा होतो. मी विचारलं, असं का सांगितलंस तिला?

"तिची पोर हाय अजून," ती म्हणाली.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी घरी आली. शेजारीण पेढे घेऊन वर आली, रविवार होता, संध्याकाळचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. ती भरभरून बोलत होती. काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं, ऐकलं त्यानं. बायकोनं पोरीला काय खायला घालायचं, अंगावर गरम कपडे ठेव, फरशीवर बसवू नको, हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती गेल्यावर तिनं पेढ्याचे दोन भाग केले, एक मला दिला, एक स्वतः तोंडात टाकला. आणि तो गिळायच्या आधीच ती रडायला लागली. पोरगी गेल्यापासून तिला मी असं रडताना बघितलं नव्हतं. ओट्याला धरून ती खाली बसली. आमच्या पोरीचं नाव घेऊन रडत होती, मोठ्यानं, शेजारपाजारी ऐकू जाईल असं.

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. जे ती दोन वर्षं बोलली नव्हती आणि जे ती कधीतरी बोलेल याची मी वाट बघत होतो, ते ती बोलली.

"त्या दिवशी असं का बोललात तुमी? माज्या पोरीवरून का बोललात?"

मी म्हटलं, चुकलो. कारण सांगायला गेलो नाही. तिनं माझ्या खांद्यावर दोन-तीन बुक्क्या मारल्या, जोर नव्हता त्यांत. मग माझ्याच शर्टाला डोळे पुसले.

देव आहे की नाही ते मला आजही माहीत नाही, आणि आता मला कुणी विचारत नाही. बायको थोड्या वेळानं उठली, तोंड धुतलं आणि खालच्या पोरीसाठी मुगाचं कढण करायला घेतलं. मी कुकर धुऊन दिला.